जोड

जत्रेतल्या कुस्त्यांमध्ये जोड कशी लागते हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना पुढचं सगळं जरा पोरकट वाटेल. वाटू द्या.

उन्हं कलली की हलगी सुरू होते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या. मग हळूहळू मोठे गडी कपडे काढून, लंगोट कसून आखाड्याभोवती फिरायला लागतात. कोणी मांडीवर थाप मारतो, कोणी नुसताच हात बांधून उभा. पंच त्यांच्यातून फिरतो. एकाचं मनगट धरतो, त्याला ओढत दुसऱ्याकडे नेतो, दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतो, मागे सरकतो, बघतो. पटलं तर दोघांचे हात वर. नाही पटलं तर एकाला सोडून तिसऱ्याला शोधायचं. या सगळ्यात वजनकाटा कुठेच नसतो.

माझे मामा हे काम तीस-एक वर्षं करत होते. अमळनेरच्या अलीकडे-पलीकडे, बोरीकाठच्या आणि पांझरेकाठच्या गावांत जत्रा असली की मामांना बोलावणं यायचं. स्वतः त्यांनी तरुणपणी बऱ्याच कुस्त्या मारल्या, पण गडी अंगानं किरकोळ. लोक लक्षात ठेवतात ते पंच म्हणून. ते आधी मान बघायचे, मग पोटऱ्या, मग कान. दंड बघायचे नाहीत. दंड पोरं आरशासाठी कमावतात, असं त्यांचं मत. कान मात्र खोटं बोलत नाही. ज्याचा कान चुरगळलेला, त्यानं माती खाल्लेली. एवढं बघून झाल्यावर ते गड्याला चार पावलं चालायला लावायचे आणि त्यावरून काय ते ठरवायचे. काय ठरवायचे, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी जळगावला एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो. कुस्ती कधी खेळलो नाही. मला वेड लागलं ते बॉक्सिंगचं, आणि तेही हॉस्टेलात, एका मित्रानं कुठूनशा आणलेल्या घासून घासून रेघा पडलेल्या व्हिडिओ कॅसेटींमुळे. वेड म्हणजे काय, तर गेली वीस वर्षं मी पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मेलेल्या आणि म्हाताऱ्या झालेल्या बॉक्सरांच्या जोड्या लावतो. हा याच्याशी लढला असता तर. तो त्याच्या काळात असता तर. ट्रक काट्यावर चढायला वेळ असला की एक लढत. तुरीचे भाव पडलेले असले की दोन.

जोड्या लावतो त्या फक्त लाइटवेटच्या. हेवीवेटच्या कोणीही लावतं. शिवाय हेवीवेटला वरची मर्यादाच नसल्यामुळे त्यात काळाप्रमाणे माणूस फुगत गेला आहे. शंभर वर्षांपूर्वीचा विजेता आजच्या विजेत्याशेजारी उभा केला तर त्याचा पुतण्या वाटेल. लाइटवेटचं तसं नाही. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं वजनगट बांधून दिले तेव्हा लाइटवेटची हद्द ९ स्टोन ९ पौंड, म्हणजे १३५ पौंड ठरली. आपल्या हिशेबात ६१ किलो आणि वर दोनेकशे ग्रॅम. ती आजही तेवढीच आहे. आणि हे वजन आपल्या ओळखीचं आहे. रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून ट्रककडे पळणारा गडी साधारण एवढाच असतो. आमच्या मिलमधले हमाल एवढेच. हेलसिंकीला १९५२ साली पदक घेणारे खाशाबा जाधव तर ५७ किलोच्या गटातले, म्हणजे याहूनही हलके. मामाही असेच असावेत. मी एकदा त्यांना विचारलं होतं, ऐन उमेदीत तुमचं वजन किती होतं? तर म्हणाले, “कोनी मोजंच नही.”

मागच्या मार्गशीर्षात त्यांच्या मळ्यात भरिताचा बेत होता. बामणोदची हिरवी, लांब, हातभर वांगी मीच जळगावहून नेली होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला घातली, पोरं लसूण सोलत बसली, भरीत ठेचायची बडगी धुऊन पालथी घातली होती, आणि मामा शेकोटीपाशी खाटेवर शाल पांघरून. वय ऐंशीच्या पुढे. नजर अजून पक्की, गुडघे गेलेले. मी मोबाइल काढला आणि त्यांना रोबेर्तो दुरान दाखवला.

लढत २६ जून १९७२ ची, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. समोर विजेता केन बुकॅनन, स्कॉटलंडचा, सरळ डाव्या हाताचा देखणा बॉक्सर. आणि हा पनामाच्या एल चोरिओ वस्तीतला, दहा दिवसांपूर्वी एकवीस पूर्ण झालेला पोरगा. घंटा झाल्याबरोबर तो जो आत शिरला, तो तेरा फेऱ्या बाहेर आलाच नाही. त्याला ‘दगडी हातांचा’ म्हणायचे, पण पाहताना हात नंतर दिसतात. आधी दिसतं डोकं, खांदा, कोपर. समोरच्याच्या छातीत तो घर करून राहतो.

मामा स्क्रीन नाकाला लावून बघत होते. म्हणाले काहीच नाहीत. फक्त एकदा दुराननं खांद्यानं बुकॅननची हनुवटी वर ढकलली आणि मोकळ्या पोटात मारलं, तेव्हा त्यांच्या घशातून ‘हं’ असा आवाज आला. पैलवानाला पैलवान ओळखू आला होता.

तेरावी फेरी संपल्याची घंटा झाली, आणि घंटेच्या जरा पुढे-मागे दुरानचा एक ठोसा पट्ट्याच्या खाली गेला. निदान बुकॅनन तरी तसंच म्हणत राहिला, आयुष्यभर. तो जांघ धरून खाली. रेफरीनं तो ठोसा नियमात धरला, बुकॅनन पुढे लढण्याजोगा नाही असं ठरवलं आणि जगज्जेतेपदाचा पट्टा दुरानला दिला. बुकॅननला दुरानशी परत लढत कधीच मिळाली नाही. २०२३ मध्ये तो वारला.

मामांनी मोबाइल खाली ठेवला. “पंच कोन व्हता?”

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्या माणसाला ते ओळखत होते आणि त्याच्याकडून त्यांची हीच अपेक्षा होती.

तेव्हा मी माझी आवडती जोड काढली. म्हटलं, मामा, या गड्यासमोर मला जो गान्स उभा करायचाय.

जो गान्स १८७४ चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. १९०२ मध्ये फ्रँक अर्नला पहिल्याच फेरीत आडवा करून तो लाइटवेटचा जगज्जेता झाला; त्या देशात जन्मलेला हा पहिला काळा जगज्जेता. त्याला ‘ओल्ड मास्टर’ म्हणत. आपल्याकडे वस्ताद म्हणतात तसं. ठोसा मारताना तो हात फुकट लांबवायचा नाही, पाऊल फुकट उचलायचा नाही. त्याच्या जुन्या चित्रफिती थरथरतात, माणसं तुरुतुरु चालतात, पण त्या तुरुतुरूतही तो एकटा सावकाश दिसतो.

त्याची सगळ्यात मोठी लढत ३ सप्टेंबर १९०६ ची. नेवाडाच्या वाळवंटातलं गोल्डफिल्ड, सोन्याच्या खाणीचं गाव. टेक्स रिकर्ड नावाच्या माणसाला आपल्या गावाचं नाव गाजवायचं होतं. त्यानं बक्षिसाच्या रकमेची सोन्याची नाणी बँकेच्या खिडकीत रचून लोकांना दाखवायला ठेवली. जत्रेत इनामाच्या नोटांची माळ काठीला लावून मिरवतात, तेच. समोर बॅटलिंग नेल्सन, मार खाऊनही पुढेच येणारा. जगज्जेता गान्स, पण मोठा वाटा नेल्सनला ठरला: त्याला बावीस-तेवीस हजार डॉलर आणि गान्सला ११,०००. काळ्या माणसाला पैशांची निकड आहे हे समोरच्याला ठाऊक होतं. वर नेल्सनच्या मॅनेजरनं अट घातली की गान्सनं वजन लढतीच्या दिवशीच द्यायचं, कपड्या-बुटांसकट, १३३ पौंड. गान्स तेव्हा बत्तिशीकडे झुकलेला. अंगात उतरायला मांस नव्हतं, तरी त्यानं उतरवलं.

आणि लढत कशी, तर निकाली. फेऱ्यांना मर्यादा नाही. एक जण पडेपर्यंत किंवा बाद होईपर्यंत. त्या उन्हात बेचाळीस फेऱ्या झाल्या. मधली विश्रांती धरली तर पावणेतीन तासांच्या वर. तिशीच्या फेऱ्यांत कुठेतरी गान्सचा हात मोडला, तरी तो त्याच हातानं हूल देत राहिला. बेचाळिसाव्या फेरीत नेल्सननं पट्ट्याखाली मारलं. रेफरीनं नेल्सनला बाद केलं आणि गान्सला विजयी.

इथवर मी सांगितलं आणि स्वतःच थबकलो. वीस वर्षं या दोघांची जोड लावतोय, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. एकाची सगळ्यात मोठी लढत खालच्या ठोशानं संपली, दुसऱ्याची पहिली मोठी लढतही त्याच ठोशानं संपली. १९०६ मध्ये मारणारा हरला. १९७२ मध्ये मारणारा जिंकला. म्हणजे गान्स आणि दुरान एकमेकांसमोर आले आणि विसाव्या फेरीत दुरानचा हात घसरला, तर जिंकलं कोण? ते दोघांच्या ताकदीवरून सांगता यायचं नाही, कॅसेटी कितीही वेळा बघितल्या तरी.

मी हे बोलून दाखवलं. मामा वांगी उलथवत होते. न बघताच म्हणाले, “मंग मी काय सांगी ऱ्हायनू?”

वजनाचंही असंच आहे, आणि वजन हा माझा रोजचा धंदा आहे. आकडा १३५ च राहिला, पण काटा कधी लावायचा हे बदललं. हल्ली वजन आदल्या दिवशी होतं. गडी पाणी तोडतो, घाम काढतो, सुकून १३५ वर येतो, काट्यावरून उतरला की बाटली तोंडाला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी रात्री रिंगणात येतो तेव्हा सात-आठ किलोनं भरलेला असू शकतो. खान्देशात हे समजावून सांगावं लागत नाही. कापसावर पाणी मारून गाडी काट्यावर नेणारे आपण पाहिलेत. इथे तेच उलटं: वाळवून मोजायचं आणि ओलं करून विकायचं. तूर घेताना आम्ही आधी ओल बघतो, मग वजन लिहितो. बॉक्सरची ओल कोणी बघत नाही. तेव्हा गोल्डफिल्डच्या उन्हात कपड्यांसकट १३३ भरलेला गान्स आणि आजचा लाइटवेट एकाच रिंगणात सोडायचे असतील, तर आधी मला सांगा, काटा सकाळी लावायचा की आदल्या दिवशी? सकाळी लावला तर आजचा गडी उभाच राहणार नाही. आदल्या दिवशी लावला तर गान्स पुतण्या.

युक्रेनचा वासिल लोमाचेन्को मला याच कारणासाठी जोड्यांत घ्यायला नको वाटतं. गडी अफाट आहे. बापानं त्याला पोरवयात बॉक्सिंग थांबवून नाच शिकायला पाठवलं होतं आणि ते त्याच्या पायांत दिसतं. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत. पण त्याच्या काळात एका वजनाचे चार पट्टे, आणि कोण कोणाशी लढणार हे चॅनेलवाले ठरवणार. असो. आवडनिवड माझी.

या सगळ्या काळांना जोडणारा एक माणूस मात्र खरोखर होऊन गेला, आणि त्याचं नाव बॉक्सरांच्या यादीत नाही. रे आर्सेल. दुरानच्या कोपऱ्यात, पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन उभा असलेला तो म्हातारा. जन्म १८९९ चा. याच आर्सेलनं १९३१-३२ मध्ये बेनी लेनर्डला तयार केलं होतं. आणि लेनर्ड म्हणजे गान्सनंतरचा मोठा लाइटवेट. न्यू यॉर्कच्या ज्यू वस्तीतला पोरगा, १९१७ पासून १९२५ पर्यंत जगज्जेता. तेल लावून चापून बसवलेले केस लढत संपेपर्यंत विस्कटायचे नाहीत, ही त्याची ऐट. त्याची एक गोष्ट मामांना फार आवडली. १९२२ मध्ये ल्यू टेंडलर नावाच्या डावऱ्यानं त्याला असा ठोसा मारला की पाय लटपटले. लेनर्डनं काय केलं, तर मारणाऱ्याशी बोलायला सुरुवात केली. टेंडलर गोंधळला, काय म्हणतोय हा म्हणून क्षणभर थांबला, तेवढ्यात लेनर्डच्या पायांत जीव आला. मामा हसून हसून खोकायला लागले. त्यांच्या वेळी एक पैलवान म्हणे गर्दनखेच पडली की समोरच्याला त्याच्या घरच्या बैलाचं विचारायचा.

लेनर्डच्या काळात आणखी एक गंमत होती. १९२० च्या आधी न्यू यॉर्कमध्ये लढत शेवटपर्यंत गेली तर निकालच द्यायचा नाही, असा कायदा. पंचानं बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरवाले आपापला विजेता छापायचे. तेव्हा पट्टा हवा असेल तर समोरच्याला थांबवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लेनर्डनं फ्रेडी वेल्शकडून पट्टा घेतला तो नवव्या फेरीत त्याला निकामी करूनच.

पुढे १९२९ च्या शेअरबाजारात पैसा बुडाला म्हणून हाच लेनर्ड पस्तिशीत, केस विरळ झालेले असताना परत रिंगणात आला. आर्सेल भेटला तो तेव्हा. मग रेफरी झाला, आणि १९४७ मध्ये एका संध्याकाळी रेफरी म्हणून उभा असताना रिंगणातच कोसळून गेला. हे ऐकून मामा जरा वेळ गप्प बसले. पंच म्हणून उभ्या-उभ्या मरण आलं, याचा त्यांना हेवा वाटला असावा असा मला संशय आहे.

तर आर्सेल. लेनर्ड आणि दुरान या दोघांच्या मानेवर टॉवेल फिरवलेला, दोघांच्या पोटऱ्या हातानं चोळलेला माणूस. दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करणं त्यालाही शक्य नव्हतं, पण त्याच्या तळहातांना ते करता आलं असतं. १९९४ पर्यंत तो जगला.

भरीत ठेचायला घेतलं तेव्हा मी पर्नेल व्हिटेकर लावला. हा व्हर्जिनियातला नॉर्फोकचा, डावरा, १९८४ चा ऑलिंपिक विजेता आणि १९८९-९० मध्ये लाइटवेटचे पट्टे गोळा करणारा. माझा सगळ्यात लाडका. समोरचा पाच ठोसे मारतो आणि पाचही हवेत जातात. व्हिटेकर तिथेच असतो, वीतभर अंतरावर, गुडघ्यात वाकलेला.

“हाऊ काबरं पयस रे?” मामा म्हणाले.

मला राग आला. म्हटलं, मामा, नीट बघा, तो पळत नाहीये. पाय बघा त्याचे. मामांनी परत बघितलं. मी पुढची फेरी लावली, त्याच्या पुढची लावली. भरीत ठेचणाऱ्या पोरानं मुसळी थांबवून आमच्याकडे बघितलं. शेवटी मामांनी बोट स्क्रीनवर टेकवलं, तर चित्र थांबलं. “हाऊ पयत नही,” ते म्हणाले. “हाऊ हातमा येस नही.”

पळणारा आणि हातात न येणारा हा फरक कुस्तीत फार मोठा आहे. पळणाऱ्याला पंच दम देतो, कुस्ती धर म्हणतो, पब्लिक खडे मारतं. हातात न येणाऱ्याला पब्लिक तेवढंच ओरडतं, पण पंचाला कळायला हवं. १९८८ च्या मार्चमध्ये पॅरिसला होसे लुईस रामिरेझविरुद्धच्या लढतीत पंचांना कळलं नाही. व्हिटेकरला हरवलं गेलं, आणि त्या निकालाला आजही कोणी शहाणा माणूस निकाल म्हणत नाही. पुढच्या वर्षी आपल्याच गावात त्यानं रामिरेझला साफ हरवून उट्टं काढलं. मी मामांना हेही सांगितलं की १९८७ मध्ये रॉजर मेवेदरशी लढताना हा वाकून खाली गेला आणि त्यानं मेवेदरची चड्डीच खाली ओढली. मामांनी दोन्ही कानांना हात लावले. लंगोटाला हात म्हणजे काय चेष्टा आहे! पण मग हळूच विचारलं, “उतरनी का?”

दुरान आणि व्हिटेकर ही जोड जगभरातले शौकीन लावतात. माझं मत पावत्यांवर दर दोन वर्षांनी बदललेलं सापडेल. पंधरा फेऱ्या असतील तर दुरान. बारा असतील तर व्हिटेकर. एवढ्यावर सध्या थांबलोय.

पण पंधराच्या बारा कशा झाल्या, हे सांगायला गेलो ती माझी चूक झाली. तीही लाइटवेटचीच लढत. १३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास. अमेरिकेचा रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम दुक कू. चौदाव्या फेरीत किम पडला, उठला, लढत थांबवली गेली, आणि तो बेशुद्ध झाला तो परत शुद्धीवर आलाच नाही. चार-पाच दिवसांनी गेला. काही महिन्यांत त्याच्या आईनं जीव दिला. लढतीचा रेफरी रिचर्ड ग्रीन, त्यानंही १९८३ मध्ये. त्याचा या लढतीशी संबंध होता की नव्हता, यावर लोक वाद घालतात. नंतर एका संघटनेनं लगेच आणि बाकीच्यांनी काही वर्षांत फेऱ्या पंधराच्या बारा केल्या.

मामा म्हणाले, “जोड कोन लावेल व्हती?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी याआधी ऐकलं नव्हतं. एका गावी एक बाहेरचा गडी आलेला, नाव झालेलं. त्याच्यासमोर उभं राहायला कोणी तयार नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली, इनाम लावणारा खवळला, पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. तेवढ्यात गावातलाच एक पोरगा पुढे आला. मामांनी मान बघितली, पोटऱ्या बघितल्या, चालायला लावलं. जमत नव्हतं. पण ओरडा एवढा झाला की मामांनी हात वर केले. दुसऱ्याच मिनिटाला पोराचा खांदा निखळला आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं. पुढे तो हात सरळ झालाच नाही. मामांनी त्यानंतर दोन वर्षं जोड लावली नाही. तो माणूस आता नातवंडांचा आजा आहे, बाजारात भेटला की स्वतःहून रामराम घालतो, आणि तो डाव्या हातानं घालतो, एवढंच ते म्हणाले आणि भाकर मागितली.

कळण्याच्या भाकरी, भरीत, वर कांद्याची पात. कोणी फार बोललं नाही. जाळ खाली बसला होता.

जेवण झाल्यावर मी विषय बदलायला म्हणून त्यांना कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली. १९६९ मध्ये मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन माणसानं कॉम्प्युटरला आकडे घालून रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची लढत लावली. अलीवर तेव्हा बंदी होती आणि मार्सियानो तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. दोघांना खऱ्या रिंगणात उभं करून खोट्या फेऱ्या चित्रित केल्या. मार्सियानोनं त्यासाठी ढीगभर वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. शेवटही वेगवेगळे काढून ठेवले, म्हणजे कॉम्प्युटर काय म्हणेल ते जोडता येईल. जानेवारी १९७० मध्ये एका रात्रीपुरतं ते थेटरांत दाखवलं. तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. पण बघायला तो नव्हता. आधीच्या ऑगस्टमध्येच विमान अपघातात गेला होता.

मामांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “मरेल मानूसनी जोड लावाले पंच बी मरेलच पाहिजे.” आणि थोडं थांबून, “थांब जरासा. मी जाई ऱ्हायनू तठेच.”

पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, ते नंतर बघू, आज लावा. दुरान आणि गान्स. तुम्ही म्हणाल ती माती, म्हणाल तो काटा.

ते लावणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्यांनी डोळे मिटले आणि विचारायला सुरुवात केली. गान्सची मान कशी? सडपातळ, लांब. पोटऱ्या? बारीक, कसलेल्या. कान? ते मला माहीत नव्हतं, ते म्हणाले ठीक. चाल? सावकाश, टाच आधी. दुरानची मान? नाहीच, खांद्यातून थेट डोकं. चाल? रस्ता ओलांडणाऱ्या सांडासारखी. त्याला कोणी पाडलंय का? एस्तेबान दे हेसूस नावाच्या पोर्तो रिकोच्या गड्यानं, डाव्या हाताच्या आडव्या ठोशानं, दोनदा, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत. हलका गट सोडेपर्यंत त्याला हरवणाराही तेवढा एकच. मग? मग दुराननं परतून त्याला दोनदा हरवलं. आणि १९८९ मध्ये तोच दे हेसूस एड्सनं खाटेला खिळला, लोक शिवायला भीत होते, तेव्हा दुराननं जाऊन त्याला मिठी मारली.

मामांनी डोळे उघडले. “हाई आधी सांगानं व्हतं.”

हे पोटऱ्यांच्या आधी का सांगायचं, ते मी विचारलं नाही.

त्यांनी जागा ठरवली. चैत्रातली बोरी, पात्र कोरडं, वाळू दिवसभर तापलेली. काटा नको. हातमोजे गान्सच्या वेळचे पातळ. फेऱ्यांची मर्यादा नाही, पण दिवेही नाहीत. सूर्य मावळेपर्यंत. खालचा ठोसा लागला तर आधी उठवायचं, पाणी द्यायचं आणि परत धरायला लावायचं. बाद कोणालाच करायचं नाही. मी म्हटलं, हा नियम कुठलाच नाही. ते म्हणाले, नदी कोणाची आहे?

आणि मग त्यांनी दोन्ही हात उचलले, जसे पूर्वी उचलायचे. एका मुठीत गान्सचं मनगट, दुसऱ्या मुठीत दुरानचं. म्हातारे हात, थरथरत होते. क्षणभर तसेच धरले आणि सोडले.

मी सांगायला लागलो. पहिल्या पाच फेऱ्या दुरानच्या, तो वाळू उडवत आत शिरतोय आणि गान्स तळहातानं त्याचे ठोसे झेलतोय, बाजूला सारतोय, काहीच करत नाहीये असं वाटतंय. आठवीत पहिल्यांदा दुरान आत आला आणि गान्स तिथे नव्हता. बारावीत गान्सच्या उजव्या हाताचा आखूड ठोसा, दुरान बसला, लगेच उठला, वाळू झटकली. विसावीत खांदा हनुवटीखाली, मोकळ्या पोटात मार, आणि गान्सचं तोंड पहिल्यांदा उघडं पडलं. त्याचं फुफ्फुस. चार वर्षांनी, १९१० मध्ये, क्षयानंच तो जाणार आहे, हे काठावरच्या पब्लिकला माहीत नाही. पंचाला मी सांगितलं होतं. तिसावीत दोघंही सावकाश. दुरान आता शिरत नाही, टेकतो. गान्स त्याला टेकू देतो. पस्तिसावी. ऊन पलीकडच्या काठावरच्या निंबांवर गेलं...

“आंधारं पडनं,” मामा खाटेवरून म्हणाले. “सोडा.”

मी म्हटलं, मामा, अजून सात फेऱ्या आहेत, गान्स बेचाळीस खेळलेला आहे. त्यांनी शाल डोक्यावरून ओढून घेतली होती. पोरानं राखेत काठी घालून बघितली तर एक वांगं आत तसंच राहिलं होतं, पार कोळसा झालेलं.